दहाच्या नाण्याला लागलेला बट्टा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, आपल्या मराठीत ‘चलनी नाणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. ज्या नटाच्या नावावर थिएटर भरते तो निर्मात्याचे चलनी नाणे. ज्या पुढाऱ्याच्या सभेला गर्दी होते तो पक्षाचे चलनी नाणे. म्हणजे काय, तर जे कुठेही घेऊन जा, कुणीही हात पुढे करून घेतो, ते. पण आपल्या खान्देशात गेली काही वर्षे एक असे नाणे आहे, जे कायद्याने चलनी आहे आणि बाजारात मात्र चालत नाही. ते म्हणजे दहा रुपयांचे.

पिवळी कडा आणि मधोमध पांढरी चकती असलेले हे दोन धातूंचे देखणे नाणे मुंबईला दादरच्या फूल बाजारात द्या, कुणी मान वर करूनही बघत नाही. गल्ल्यात टाकतात आणि फुले बांधून देतात. तेच नाणे खिशात घेऊन रात्रीच्या गाडीने जळगावला उतरा आणि चहाच्या टपरीवर पुढे करा. टपरीवाला हसतो. “भाऊ, आठे हाई चालत नही. नोट द्या.” धुळ्याला गेलात तरी बहुतेक ठिकाणी हेच. का चालत नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. तो म्हणतो, माझ्याकडून पुढे कुणी घेत नाही. आणि पुढचा म्हणतो, याच्याकडून मी घेत नाही कारण माझ्याकडून त्याच्या पुढचा घेत नाही. असा हा गोल आहे, नाण्यासारखाच.

हे कोडे उलगडायचे तर जरा मागे जावे लागेल. आज आपण म्हणतो की सरकारने लहान नोटा बंद करून नाणी आणली. गंमत पाहा, सुरुवातीला झाले होते याच्या नेमके उलट. रुपया हा मुळात नाणेच होता, चांदीचा, एक तोळा वजनाचा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, भाव चढले आणि रुपया पाडायला चांदी पुरेना. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्रज सरकारने पाचव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेली एक रुपयाची नोट काढली. पुढच्याच वर्षी अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोटही आली होती. या दोन्ही नोटा १९२६ मध्ये बंद झाल्या. दुसरे महायुद्ध आले, पुन्हा धातूची ओढाताण झाली आणि १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली. म्हणजे नाण्याची जागा कागदाने घेतली ती अडचणीपोटी.

त्या एक रुपयाच्या नोटेची आणखी एक मजा आहे. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या आणि त्यांवर गव्हर्नरची सही असते. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर अर्थ सचिवांची सही असते आणि ‘मी धारकाला अमुक रुपये देण्याचे वचन देतो’ हे वाक्य तिच्यावर नसते. कारण ती स्वतःच रुपया आहे, ती कुणाला काय वचन देणार! २०११ च्या नाणे कायद्यात ‘नाणे’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ही कागदाची नोटही बसवलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने एक रुपयाची नोट हे नाणे आहे. कवींनासुद्धा इतकी कल्पनाशक्ती चालवायला धीर होत नाही.

आमच्या पिढीने वापरल्या त्या नोटा आठवून पाहा. एकच्या नोटेवर समुद्रात तेल शोधणारे ‘सागर सम्राट’, दोनच्या नोटेवर ‘आर्यभट्ट’ उपग्रह, पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी. कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याच्या कोपरीच्या खिशात हा सगळा देश घडी घालून ठेवलेला असायचा. पण घामाने आणि हळदीच्या हातांनी त्याची जी दशा व्हायची, ती विचारू नका. लहान नोट दिवसातून दहा हात फिरते. पाचशेची नोट कपाटात झोपून असते, पण दोनची नोट कधी बसत नाही. म्हणून तिचे आयुष्य महिन्यांत मोजायचे. नाणे वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते.

यातच सरकारचा हिशेब आहे आणि तो हिशेब साधा आहे. २०१५ मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा छापायला घेतली, तेव्हा तिच्या छपाईचा खर्च माहिती अधिकारात बाहेर आला. तो होता एक रुपया चौदा पैसे. रुपया छापायला रुपयाहून जास्त! दहाच्या बाबतीत पाहू. २०१८ मध्ये अशाच माहितीतून कळले की दहाची नोट छापायला साधारण एक रुपया पडतो आणि दहाचे नाणे पाडायला सुमारे साडेपाच रुपये. वरवर पाहता नोट स्वस्त. पण नोट समजा वर्षभर टिकली, तर वीस वर्षांत वीस नोटा लागतील, म्हणजे वीस रुपये. नाणे एकदाच पाडले की साडेपाच रुपयांत काम झाले. शिवाय जुन्या नोटा गोळा करा, मोजा, नष्ट करा, हा व्याप वेगळाच. याच विचाराने १९९४ मध्ये एक रुपयाची आणि १९९५ मध्ये दोन आणि पाच रुपयांची नोट छापणे थांबवले गेले.

एक आणि दोनच्या बाबतीत ते जमले. कुरकूर झाली, पण पाच-सात वर्षांत लोक विसरून गेले की या नोटा कधी होत्या. एस.टी.डी. बूथवरच्या कॉइन बॉक्स फोनने तर एकच्या नाण्याला मोठा भाव आणला होता. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटून येऊ लागले. नाण्याने समाजात जागा मिळवली, असे म्हणायला हरकत नाही.

पाचचे मात्र नीट जमले नाही. नाणी पुरेनात म्हणून २००१ मध्ये महात्मा गांधींचे चित्र असलेली पाचची नवी नोट काढावी लागली. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे पाचच्या फाटक्या नोटा पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून फिरायच्या. नोट चार तुकड्यांत, पण पिशवी शाबूत, म्हणून व्यवहार शाबूत. आणि ज्यांच्याकडे तीही नसे ते गल्ल्याशेजारच्या बरणीतून चॉकलेट काढून हातावर ठेवत. मला मधुमेह आहे, हे सांगूनही उपयोग नसे. नाणी कुठे गेली, याची चर्चा तेव्हा जोरात होती. ती सीमेपलीकडे नेऊन, वितळवून त्यांची दाढीची ब्लेड करतात, अशा बातम्या कोलकात्याकडून येत. धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्याहून वर गेली की हे होतेच. म्हणूनच नंतरची नाणी हलकी, लहान आणि स्टेनलेस स्टीलची झाली.

आता दहाच्या नाण्याकडे येऊ. त्यावर सन २००५ पासूनचे असले तरी ते प्रत्यक्ष लोकांच्या हाती आले २००९ मध्ये. पुढे रुपयाचे नवे चिन्ह आले, ते २०११ पासून नाण्यावर बसले. शिवाय कुणाची जन्मशताब्दी, कुठल्या संस्थेचा महोत्सव, अशी विशेष नाणी निघत गेली. आठ-नऊ वर्षांत दहाच्या नाण्याचे चौदा नमुने झाले. इथे घोटाळा झाला. सामान्य माणूस नोट ओळखतो ती चेहऱ्याने. एका मूल्याचे चौदा चेहरे असतील, तर त्यातला खरा कोणता असा प्रश्न त्याला पडणारच. त्यात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. एका रात्रीत पाचशे आणि हजारचे काय झाले हे पाहिलेल्या माणसाला दहाच्या नाण्याचे काहीही होऊ शकते, असे वाटले तर त्यात त्याची चूक ती काय? मोबाइलवर संदेश फिरू लागले. दहा रेषांचे नाणे खरे, पंधरा रेषांचे खोटे. चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला आणि १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा सांगितले की चौदाच्या चौदा नमुने वैध आहेत. १४४४० हा फोन क्रमांकही दिला. २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत तेच सांगितले. राज्यात ठिकठिकाणी जिल्हा प्रशासनाने आवाहने केली.

पण अफवा विरली तरी सवय उरली. आज टपरीवाल्याला विचारा, तो नाणे खोटे आहे असे म्हणत नाही. तो फक्त ‘चालत नाही’ म्हणतो. हा फरक लक्षात घ्या. खोटेपणाची शंका खुलाशाने जाते. ‘पुढे कुणी घेत नाही’ ही शंका खुलाशाने जात नाही, कारण ती खरी असते!

मग मुंबईत का चालते? माझ्या मते, तिथे नाण्यावाचून गत्यंतर नाही. बसचे किमान भाडे, वडापाव, चहा, लोकलच्या स्टेशनाबाहेरची रिक्षा, सारा व्यवहार घाईचा. ‘बेस्ट’कडे तर इतकी चिल्लर साठायची की तिथल्या कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग नाण्यांत दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या. अशा शहरात एकाने नाणे नाकारले तर दुसरा घेतो, आणि नाकारणाऱ्याचाच खोळंबा होतो. आपल्याकडे गिऱ्हाईक ओळखीचे, घाई कमी. “राहू द्या, उद्या द्या” म्हणण्याची सोय आहे. त्या सोयीने नाण्याचा घात केला.

याहून मोठे कारण मात्र वेगळे आहे आणि जगभर त्याचा अनुभव आहे. एकच मूल्य नोटेतही मिळते आणि नाण्यातही मिळते, तेव्हा माणूस नोट उचलतो. ब्रिटनने १९८३ मध्ये एक पौंडाचे नाणे आणले आणि १९८८ मध्ये पौंडाची नोट काढून घेतली. लोक चिडले आणि मग सरावले. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचे नाणे आणले, दोन वर्षांत नोट थांबवली. तिथेही नाणे रुळले. अमेरिकेने १९७९ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये डॉलरचे नाणे काढून पाहिले, पण कागदी डॉलर काही बंद केला नाही. नाणी तिजोऱ्यांत साचून राहिली आणि २०११ मध्ये ती चलनासाठी पाडणे थांबवावे लागले. आपल्याकडे एक आणि दोनच्या बाबतीत आपण ब्रिटनसारखे वागलो, दहाच्या बाबतीत अमेरिकेसारखे. नाणे आणले, नोटही ठेवली. इतकेच नव्हे, २०१८ मध्ये कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चित्र असलेली दहाची नवी तपकिरी नोट काढली. दोन सवती एका घरात आणल्या आणि धाकटीला कुणी विचारत नाही म्हणून आश्चर्य करत बसलो.

नोटेची ओढ लोकांना का आहे, हेही समजून घेतले पाहिजे. दहाचे एक नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. हजार रुपयांची शंभर नाणी म्हणजे पाऊण किलोहून जास्त वजन झाले. साडीच्या ओच्याला पाऊण किलो बांधून भाजीवाली कशी चालणार? नोटेची घडी होते, ती कमरेला खोचता येते, कुराणाच्या किंवा पोथीच्या पानांत ठेवता येते. नाणे वाजते आणि वाजणारा पैसा गरिबाला लपवता येत नाही. माझ्यापुरते आणखी एक कारण आहे. नोटेवर डाव्या बाजूला पंधरा भाषांची उतरंड असते. तिच्यात वरून आठवी, म्हणजे बरोबर मधोमध, आपली मराठी आहे आणि अगदी तळाशी उर्दू. माझ्या घरातल्या दोन्ही भाषा दहा रुपयांत मिळतात. नाण्यावर फक्त हिंदी आणि इंग्रजी. तेवढी जागाच नसते, हे मला कळते, पण वाईट वाटायला जागा लागत नाही.

एका ईदला मी घरातल्या पोरांना ईदी म्हणून दहाची नवी कोरी नाणी दिली. चकाकणारी होती, मला वाटले खूश होतील. अर्ध्या तासात सगळ्यात धाकटा परत आला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला कुल्फी दिली नव्हती. नाणे माझ्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, “ही खेळण्यातली ईदी आहे का?” मी नोट काढून दिली. काय समजावणार? त्याच्यावर भारत सरकारचा सिंह आहे, हे त्या दुकानदाराला दिसत नव्हते, तर सहा वर्षांच्या पोराला कुठून दिसणार.

ही झाली हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट. पण पहाटे खेड्यातून कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन येणारी एक म्हातारी मला माहीत आहे. सकाळी गाडीतून उतरणारे लोक घाईत तिला दहाची नाणी देऊन जातात. तिला वाटते, गिऱ्हाईक कशाला मोडा. दुपारी ती किराणा घ्यायला जाते तेव्हा तिचे नाणे कुणी घेत नाही. तिच्याकडे एका डब्यात अशी त्रेचाळीस नाणी साठली होती. चारशे तीस रुपये, म्हणजे तिची दोन दिवसांची कमाई. नेहमी मुंबईला जाणारा एक जण तिच्याकडून ती घेत असे आणि दहा नाण्यांचे नव्वद रुपये देत असे. ती त्याला दुवा देई. म्हणे, एवढे तरी कोण देते?

शंभराचे नव्वद! मंडळी, या दहा रुपयांना आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, बट्टा. पेशवाईत आणि त्यानंतरही आपल्या भागात नाना तऱ्हेचे रुपये चालत. शेजारच्या चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी रुपया होता, आणखी कितीतरी होते. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पूर्ण मोलाने चालत नसे. सराफ तो वाजवून, तोलून पाहायचा, तेवढी घट कापून घ्यायचा. ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो, ते सराफाच्या पेढीवरूनच आले आहे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तेव्हा कुठे हा प्रकार ओसरू लागला. तरी आपल्या जामनेर-पाचोऱ्याच्या लोकांना तो बराच काळ पुरला, कारण अजिंठ्याचा डोंगर आला की निजामाचे राज्य सुरू होई. अलीकडे इंग्रजी कलदार, पलीकडे हाली सिक्का. शंभर कलदारला एकशे सोळा-सतरा हाली रुपये पडत. बैलबाजाराला जाणाऱ्याला आधी पैशाचा बाजार करावा लागे. हाली सिक्का जाऊन सगळीकडे एकच रुपया झाला तो स्वातंत्र्यानंतर, हैदराबाद संस्थान विलीन होऊनही काही वर्षांनी.

सगळ्या देशात रुपयाचे मोल एक असणे, ही इतक्या खटपटीने मिळालेली गोष्ट आहे. दादरला दहा रुपयांचे असलेले नाणे जळगावात नऊ रुपयांचे होते, तेव्हा तो जुना बट्टा परत आलेला असतो. आणि तो भरतो कोण? ज्याच्याकडे मोबाइल आहे, तो २०१६ मध्ये आलेल्या यू.पी.आय.ने पैसे देऊन मोकळा होतो. आज भाजीच्या हातगाडीवरही तो चौकोनी कागद चिकटवलेला असतो. ज्याला मोबाइल चालवता येत नाही, ज्याला गिऱ्हाईक मोडणे परवडत नाही, त्याच्याच पदरात ही नाणी येऊन थांबतात.

दृष्टिहीन बांधवांचा विचार तर आपण करतच नाही. त्यांना नाणे हे नोटेपेक्षा सोयीचे, कारण ते बोटांना कळते. मधल्या काळात एक आणि दोनची स्टीलची नाणी इतकी सारखी निघाली की डोळस माणसेही फसत, तो भाग वेगळा. ७ मार्च २०१९ रोजी हाताला ओळखू येतील अशा नाण्यांची नवी मालिका जाहीर झाली आणि तिच्यातच बारा कडांचे वीस रुपयांचे नाणे आले. पुढे पन्नासचेही नाणे असावे, म्हणजे अंधांची सोय होईल, असा विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथे २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितले की रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार दहा आणि वीससाठी लोकांची पसंती नाण्यांपेक्षा नोटांनाच आहे. पाहणी खरीच असणार. पण नोट समोर ठेवून नाण्याची पसंती विचारली, तर दुसरे उत्तर येईल तरी कसे? माझे मत विचाराल तर सरकारने दहाच्या बाबतीत एकदा काय ते ठरवावे. नाणेच ठेवायचे असेल तर पुरेशी नाणी आधी गावोगावच्या बँकांत पोचवावीत आणि मग नोट हळूहळू आवरावी. नोटच ठेवायची असेल तर नाणी पाडण्याचा खर्च तरी कशाला?

तोवर आपल्या हातात काय आहे, ते सांगतो. कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्याहून मोठी नाणी एका वेळी हजार रुपयांच्या देण्यापर्यंत वैध आहेत. पन्नास पैशांचे नाणेसुद्धा अजून वैध आहे, दहा रुपयांपर्यंत. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून इतिहासजमा झाली, ती पोरांना खेळायला द्या. बँकेत नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही आणि कोणत्याही शाखेला ती नाकारता येत नाहीत. शंभर-शंभर नाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नेली तर मोजणाऱ्याचाही वेळ वाचतो आणि त्याच्या कपाळावर आठ्या कमी पडतात. त्या म्हातारीची त्रेचाळीस नाणी अशीच एका मंगळवारी खात्यात जमा झाली. कॅशियरने दोनदा मोजली, पावतीवर शिक्का मारला आणि तिला वर आणखी विचारले, “आजी, अजून असतील तर आणा, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नका येऊ, पेन्शनची गर्दी असते.”